मुशींच्या नावे कर्जखाते

बँकेच्या वसुली खात्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे असेल, पण निसर्गसंरक्षणाची बातमी वाचतानाही माझी नजर आधी व्याजाच्या आकड्यावर जाते. आमच्या निसर्ग मंडळातली मंडळी यावरून मला हसतात. गालापागोस म्हटले की त्यांना डार्विन आठवतो, महाकाय कासवे आठवतात. मला कर्जरोखे आठवतात.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. लॅटिन अमेरिकेतले देश कर्जात बुडत होते, तेव्हा १९८४ मध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी सुचवले, की कर्जाचा भार हलका करा आणि बदल्यात जंगल राखून घ्या. १९८७ मध्ये बोलिव्हियाचे साडेसहा लाख डॉलरचे कर्ज 'कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल'ने एक लाखात विकत घेतले आणि बेनीच्या जंगलाला संरक्षण मिळाले. तिथल्या चिमाने लोकांना विचारायचे मात्र राहून गेले. पुढे सेशेल्स आणि बेलीझ त्याच वाटेने गेले.

आता माझ्या आवडीचे प्रकरण. मे २०२३. इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष गिलेर्मो लासो यांच्यावर महाभियोग चालला होता. सरकार राहते की जाते, या धास्तीने देशाच्या रोख्यांना बाजारात भाव उरला नव्हता. नेमके तेव्हाच १६३ कोटी डॉलरचे रोखे ६४ कोटींना परत घेतले गेले. डॉलरमागे जेमतेम चाळीस सेंट! आमच्या भाषेत ही एकरकमी तडजोड. फक्त रक्कम आली ती नव्या कर्जातून. ६५ कोटी ६० लाखांचे नवे रोखे निघाले. अमेरिकी सरकारच्या वित्तसंस्थेने त्यांचा विमा उतरवला, आंतर-अमेरिकी विकास बँकेने हमी दिली. मोबदल्यात इक्वेडोरच्याच गालापागोस बेटांच्या समुद्रासाठी २०४१ पर्यंत दरवर्षी साधारण १ कोटी ८० लाख डॉलरची तजवीज झाली. हॅमरहेड मुशी कोस्टारिकाच्या कोकोस बेटाकडे जातात त्या वाटेवर ६० हजार चौरस किलोमीटरचे एर्मांदाद सागरी राखीव क्षेत्र आहे. त्याची राखण या पैशातून व्हायची आहे. गंमत म्हणजे व्यवहार जुळवणारी क्रेडिट स्विस बँक त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बुडता बुडता युबीएसच्या गळ्यात पडली होती!

एक गोष्ट मला खटकते. देश जितका डळमळीत, तितका त्याचा रोखा स्वस्त आणि तितका समुद्राचा वाटा मोठा. शिवाय तो पैसा खर्च करणाऱ्या निधीच्या संचालक मंडळात सरकारी सदस्य अल्पमतात. वसुलीवाला म्हणून ही खबरदारी मला समजते. पण आपल्या समुद्राचे काय करायचे हे ठरवताना तिथल्या मतदाराचा आवाज सावकाराच्या अटींखाली दबावा, हे पटत नाही.

याच इक्वेडोरने आधी उलटा प्रयोग करून पाहिला होता. २००७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी जगाला सांगितले, यासुनीच्या जंगलाखालचे तेल आम्ही काढत नाही, त्याच्या निम्म्या किमतीचे ३६० कोटी डॉलर तेवढे द्या. २०१३ पर्यंत हातात पडले १ कोटी ३० लाख! योजना गुंडाळली गेली आणि २०१६ पासून तेल निघू लागले. देणगी मागितली तेव्हा जग फिरकले नाही, विमा आणि हमी दिसताच गुंतवणूकदार आले. ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के लोकांनी तेल जमिनीतच राहू द्या असा कौल दिला. उपसा थांबवायला न्यायालयाने मुदत दिली होती एक वर्षाची. २४७ विहिरींपैकी पहिली ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली, आणि उरलेल्यांसाठी सरकारने २०२९ साल दाखवले आहे.