फिले येथील देवालय : एका दिवसाची सफर

मिसर देशाचें नांव निघालें कीं पिरामिड आणि वस्त्रांत गुंडाळून ठेवलेलीं राजांचीं शवें, एवढींच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. योसेफ व मोशे यांच्या कथा त्यांनीं बायबलच्या तासाला ऐकलेल्या असतात. फारोचा दराराही त्यांस ठाऊक असतो. परंतु तीन हजार वर्षांहून अधिक काळ चाललेला तो जुना धर्म आणि ती चित्रलिपि शेवटीं कोठें व कशी संपली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या शेवटाच्या खुणा दगडावर अजून पाहावयास मिळतात. तें स्थळ म्हणजे आस्वान शहराजवळील फिले येथील इसिस देवीचें देवालय. आपल्याकडील कुटुंबें आतां मिसर देशाच्या सफरीस जातात. त्यांच्यापैकीं कोणास उपयोग व्हावा आणि जे घरींच राहतील त्यांस निदान वाचनाचा लाभ घडावा, म्हणून त्याविषयीं थोडें सविस्तर लिहितों.

आस्वान हें नाइल नदीच्या कांठीं, कायरोच्या दक्षिणेस सुमारें ९०० किलोमीटरांवर आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथांतील सवेने तें हेंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने जाण्यास बरे. उन्हाळ्यांत तेथील ऊन नागपूरच्या उन्हाची आठवण करून देतें. सकाळीं लौकर निघावें. गाडी शेल्लालच्या धक्क्यापर्यंत जाते व तेथून लहान मोटारनावेनें बेटावर जावें लागतें. नाव ठरवितांना जाणें, थांबणें व परत येणें या तिहींचें मिळून भाडें आधींच बोलून घ्यावें. "बक्षीस" हा शब्द तिकडेही चालतो आणि वारंवार कानीं पडतो! बरोबर वाटाड्या असतो. त्यास सरकारी परवाना घ्यावा लागतो. तो बहुधा शिकलेला व बहुश्रुत असतो. पण दुपारीं त्यास आपणांस उत्तरेकडे ४५ किलोमीटरांवरील कोम ओंबो येथील जोडदेवालय दाखवावयाचें असतें, म्हणून फिले येथें तो घाई करतो. ती घाई चालूं देऊं नये, असें आमचें मत आहे. कोम ओंबोस मगरमुखी सोबेक देवाचें अर्धें देवालय व मसाला भरून जतन केलेल्या मगरी आहेत. तें पाहण्यास तासभर पुरे.

नावेंतून उतरतांना प्रथम हें लक्षांत ठेवावें कीं, आपण ज्या बेटावर पाय ठेवतों तें फिले नव्हेच. १९०२ सालीं आस्वानचें पहिलें धरण पुरें झालें, तेव्हांपासून मूळ बेट वर्षांतील कित्येक महिने पाण्याखालीं जाऊं लागलें. पुढें धरणाची उंची दोनदां वाढविली. स्तंभांच्या माथ्यांवरील जे रंग पूर्वींच्या प्रवाशांनीं डोळे भरून पाहिले होते, ते त्या पाण्यानें धुवून गेले. नंतर १९६० ते १९७० या काळांत दक्षिणेस नवें उंच धरण झालें. बेट दोन धरणांच्या मध्यें सांपडलें आणि रोज चढणारें उतरणारें पाणी दगड झिजवूं लागलें. तेव्हां युनेस्को संस्थेच्या साहाय्यानें १९७२ पासून बेटाभोवतीं पोलादी पत्र्यांच्या दोन रांगा ठोकून मधें वाळू भरली, आंतील पाणी उपसलें, आणि सुमारें ४०,००० दगड क्रमांक घालून सोडविले. जवळच्या अगिल्किया बेटाचा माथा सुरुंगांनीं सपाट करून तेथें तें देवालय जसेंच्या तसें पुन्हां उभारलें. १९८० सालीं तें लोकांस खुलें झालें. बुडणाऱ्या न्युबिया प्रांतांतील अवशेष वांचविण्याच्या त्या मोठ्या कार्यांत आपल्या देशाचाही हात होता. भारताच्या पुरातत्त्व खात्याच्या पथकानें श्री. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखालीं अफिये येथें उत्खनन केलें.

देवालयें हलविलीं, तशींच माणसेंही हलविलीं. मिसर देशांतील सुमारें ५०,००० न्युबियन लोकांनीं १९६३-६४ सालीं आपलीं गांवें सोडलीं व कोम ओंबोच्या भोंवतालीं त्यांची नवी वस्ती झाली. वाटाडे दगडांची हकीकत उत्साहानें सांगतात. नावाड्यास मात्र त्याचें मूळ गांव कोणतें, हें विचारल्याशिवाय ही दुसरी हकीकत कळत नाहीं.

देवालयासमोर १८ मीटर उंचीचें, दक्षिणेकडील गोपुराची आठवण देणारें दुहेरी प्रवेशद्वार आहे. त्यावर राजा शत्रूंस केंसांनीं धरून मारीत आहे असें भव्य चित्र कोरलें आहे. तें जवळ जाऊन पाहावें. कित्येक आकृति छिन्नीनें ठेंचून काढलेल्या आढळतील. आंत गेल्यावर दुसऱ्या प्रवेशद्वारापलीकडील दहा स्तंभांच्या दालनांत स्तंभांवर व भिंतींवर कोरलेले क्रूस दिसतात. इ. स. ५३५ ते ५३७ च्या सुमारास सम्राट् जस्टिनियन याच्या आज्ञेनें इसिसची पूजा बंद पाडण्यांत आली, पुजारी कैदेंत गेले, मूर्ति कॉन्स्टँटिनोपलला नेल्या. आणि बिशप थिओडोर यांच्या काळीं हेंच दालन संत स्तेफनाच्या नांवानें उपासनामंदिर झालें. येथें कित्येक वाटाडे, समोरचे प्रवासी ख्रिस्ती असले तर, आवाज खालीं आणतात. आमची शाळा मिशनची आहे, म्हणून आम्हीं तरी हें स्पष्ट लिहावें हें बरें. त्या दालनांत प्रार्थना करणाऱ्यांची श्रद्धा खरी होती यांत आम्हांस शंका नाहीं; पण दुसऱ्यांच्या देवांच्या मुखांवर छिन्नी चालविणें हें त्या श्रद्धेचें काम होतें असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या मुलांनीं त्या भिंतीपुढें उभें राहून आईबापांस प्रश्न विचारले, तर ते टाळूं नयेत.

तेथून पश्चिमेस हेड्रियन बादशहाचें द्वार आहे. त्यावर मंदुलिस नांवाच्या देवाची आकृति असून जवळच एका पुजाऱ्यानें कोरलेला छोटा लेख आहे. त्याची तारीख २४ ऑगस्ट ३९४ ही येते. चित्रलिपींतील तारीख असलेला ह्यानंतरचा लेख आजपर्यंत कोठेंही सांपडलेला नाहीं. अक्षरें ओबडधोबड आहेत. लिहिणाऱ्याचा हात त्या लिपीस सरावलेला नव्हता हें उघड दिसतें. त्याच देवळांत, त्या भाषेच्या घसटत्या देमोटिक लिपींत, इ. स. ४५२ पर्यंत पुजारी आपलीं नांवें लिहीत राहिले. त्यानंतर सुमारें चौदाशें वर्षें तीं अक्षरें वाचणारा कोणी उरला नाहीं.

परततांना पुन्हां पहिल्या द्वारापुढें थांबावें. येथें एक ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा चौकोनी निमुळता स्तंभ, होता. बँक्स नांवाच्या इंग्रज गृहस्थानें तो १८१५ सालीं पाहिला व पुढें बेल्झोनी ह्याच्याकडून हलवून इंग्लंडास नेला. त्याच्या बैठकीवर ग्रीक भाषेंत टॉलेमी व क्लिओपात्रा हीं नांवें होतीं आणि स्तंभावर लांबट गोल चौकटींत चित्रलिपींतील दोन नांवें. फ्रेंच विद्वान् शांपोलियों यानें १८२२ सालीं तीं ताडून पाहिलीं. प, ओ व ल हे ध्वनि दोन्ही नांवांत येतात. त्या त्या जागीं चिन्हेंही तींच निघालीं! रोझेटा येथील शिलेवरून त्याचा जो तर्क चालला होता, त्यास ह्यामुळें मोठा आधार मिळाला. ज्या देवळांत ती लिपि शेवटची लिहिली गेली, त्याच देवळाच्या दगडानें ती पुन्हां वाचतां येऊं लागली.

त्या ग्रीक लेखांत आहे तरी काय? पुजाऱ्यांनीं राजाकडे केलेला तो अर्ज आहे. येणारेजाणारे अधिकारी देवळांत उतरतात व त्यांचा खर्च आम्हांवर पडतो, त्यामुळें देवालय कंगाल होत आहे, अशी त्यांची तक्रार होती. राजानें ती मान्य केली, म्हणूनच त्यांनीं ती दगडावर कोरून ठेवली. तो स्तंभ आज इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांतील किंग्स्टन लेसी येथील बागेंत उभा आहे.