माजरीचे मातीचे डोंगर आणि हिमलोटाचे शास्त्र

वर्धा–बल्लारशाह लोहमार्गाने दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशास वरोरा मागे पडल्यावर, माजरीच्या आसपास, सपाट काळ्या रानात एकाएकी डोंगर दिसू लागतात. त्यांचे माथे ताटासारखे सपाट असतात, बाजू एकाच कोनात उतरलेल्या असतात, आणि पावसाळ्यानंतर त्यांवर बाभळीची व गवताची विरळ हिरवळ चढते. जुन्या नकाशांत हे डोंगर शोधून सापडणार नाहीत. कोळशाच्या खुल्या खाणींतून काढून टाकलेली माती व खडक यांचे हे ढीग होत. खाणीच्या बोलीत या मालाला ‘ओबी’ म्हणतात, आणि माजरी, कुनाडा, तेलवासा, चारगाव या पट्ट्यातील माणसांचे निम्मे आयुष्य त्या ओबीच्या माथ्यावर किंवा पायथ्याशी जाते.

या ढिगांचा विचार हिमाच्छादित पर्वतांच्या संदर्भात करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. ज्या जिल्ह्यात वैशाखात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो तेथे बर्फाचा प्रश्न कोठून येणार? परंतु उतारावर साचलेला पदार्थ कोणत्या क्षणी आणि कशामुळे घसरू लागतो, हा प्रश्न सियाचिनवर आणि माजरीत तत्त्वतः एकच आहे. दोन्हीकडे तो उतार हेच काही माणसांचे कामाचे ठिकाण असते, हेही साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक होता. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथजवळ माणा येथे रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर हिमलोटाखाली सापडले; ४६ वाचले, आठ दगावले. आणि २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील ललमटिया येथील राजमहल खुल्या खाणीत ओबीचा प्रचंड भाग खचून २३ कामगार गाडले गेले. पहिल्या दोन घटनांची नोंद निसर्गकोपात होते, तिसरीची खाण-अपघातात. यामिकीच्या दृष्टीने हा भेद फारसा टिकत नाही.

वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवन संघाच्या बाराकार थरांत आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी कामठी वालुकाश्म, त्यावर गाळ व सर्वांत वर काळी कापूसमाती असा क्रम आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्यास सुरू झालेली खाण भूमिगत होती. माजरीतही पूर्वी भूमिगत खाणकाम चाले. वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत या भागात खुल्या खाणींचे प्रमाण वाढत गेले. खुल्या खाणीचा हिशेब सोपा पण भयंकर आहे. एक टन कोळसा मिळविण्यासाठी पाच घनमीटरांच्या आसपास ओबी हलवावी लागते. फोडलेला खडक पूर्वीपेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून ढिगावर जाणारे आकारमान त्याहून एक-चतुर्थांशाने तरी जास्त असते. ही माती प्रथम खाणीबाहेर टाकतात. पुढे कोळसा निघालेल्या पोकळीतच तिचा भराव करतात. त्याला आंतरिक ढीग म्हणावे. पुनर्भरणाच्या दृष्टीने तो इष्ट होय. परंतु या ढिगाच्या पायथ्यासमोरच कोळसा काढण्याचे काम चालू असते, आणि धोक्याचे मूळ तेथेच आहे.

आता शास्त्राकडे वळू. कोरड्या, सुट्या कणांचा ढीग ज्या कोनात स्वतःहून स्थिरावतो त्यास विरामकोन म्हणतात. फोडलेल्या खडकाच्या बाबतीत तो साधारण सदतीस अंशांच्या आसपास येतो. कोळसा खाण विनियम, २०१७ मध्ये ढिगाचा उतार विरामकोनाइतका, पण कोणत्याही परिस्थितीत साडेसदतीस अंशांहून अधिक नसावा, असे सांगितले आहे. ढीग तीस मीटरांहून उंच असल्यास त्याच्या पायऱ्या कराव्यात, एकही पायरी तीस मीटरांहून उंच नसावी आणि एकंदर उतार दीडास एक, म्हणजे सुमारे ३३.७ अंश, यापेक्षा तीव्र नसावा, असाही दंडक आहे. हिमलोटाच्या अभ्यासकांना हे आकडे पाहून कुतूहल वाटेल. थरबंद हिमाचे बहुसंख्य लोट तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि त्यांतही अडतीस अंशांच्या आसपास त्यांची दाटी असते. ज्या कोनात हिमालयातील वाटाडे पाय टाकण्यास कचरतात, त्याच कोनात माजरीचे ढीग उभे आहेत.

यावरून हे ढीग पडण्याच्याच बेतात आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. संसक्ती नसलेल्या कोरड्या उताराचा सुरक्षा-गुणक म्हणजे अंतर्गत घर्षणकोनाच्या स्पर्शकास उताराच्या स्पर्शकाने भागून येणारी संख्या. घर्षणकोन सदतीस अंश व उतार ३३.७ अंश धरल्यास ती १.१३ येते. एकापेक्षा ती अधिक आहे, म्हणजे उतार उभा राहील. पण हाताशी शिल्लक थोडी आहे. हाच उतार पाण्याने पूर्ण भिजून उताराच्या दिशेने पाझर सुरू झाला, तर रंध्रजलाच्या दाबामुळे कणाकणांतील प्रत्यक्ष दाब जवळजवळ निम्मा होतो आणि गुणक ०.५५ च्या घरात येतो. पूर्ण भिजलेला असा उतार वीस अंशांच्या आसपासच टिकेल. कणांवर पडणाऱ्या एकूण दाबातून पाण्याचा वाटा वजा करून उरेल तेवढाच दाब घर्षणास उपयोगी पडतो, हे टेर्झागी याने १९२० च्या दशकात दाखवून दिले. त्यावर आजही सारी मृदायामिकी उभी आहे.

तथापि पृष्ठाचा उतार हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. हिमलोटाचे खरे रहस्य वरच्या हिमात नसून खालच्या दुर्बल थरात असते. हिवाळ्याच्या प्रारंभी पडलेल्या पातळ हिमात, तापमानाच्या तीव्र फरकामुळे, साखरेसारखे सुटे, कोनीदार स्फटिक तयार होतात. ते एकमेकांस घट्ट धरत नाहीत. पुढे वाऱ्याने दाबलेले घट्ट हिम त्यांवर फळीसारखे बसते. वरून सारे भक्कम दिसते. एखाद्या माणसाच्या पावलाने किंवा नव्या हिमाच्या भाराने खालचा थर एके ठिकाणी मोडला की ती मोड क्षणार्धात दूरवर पसरते, आणि फळी सबंधच निसटते. म्हणूनच जाणकार मनुष्य हिमाचे पृष्ठ पाहून समाधान मानीत नाही; तो खड्डा खणून थर तपासतो.

माजरीच्या ढिगात या स्फटिकांची जागा काळी माती घेते. ही माती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाने समृद्ध असून पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. विदर्भातील शेतकऱ्यास तिचे हे दोन्ही स्वभाव पुरेपूर माहीत आहेत. मृगाच्या आधी शेतातल्या भेगेत सबंध हात जातो, हे सांगावयास त्याला प्रयोगशाळा लागत नाही. ढीग रचताना ही माती तळाशी राहिली, किंवा कोळसा काढल्यावर खाणीच्या तळावर उरलेला चिखल व कोळशाळ शेल यांवरच भराव टाकला गेला, तर तोच तो दुर्बल थर. अशा मृत्तिकेत एकदा सरक झाली की तिचे कण सरकीच्या दिशेने आडवे बसतात आणि तिचा घर्षणकोन दहा-बारा अंशांपर्यंतही उतरू शकतो. या ‘शेष सामर्थ्या’चे महत्त्व स्केम्प्टन याने १९६४ च्या आपल्या रँकिन व्याख्यानात विशद केले. कोळशाच्या थराला स्वतःचा काही अंशांचा कल असतो. खाणीचा तळही त्याच कलाने उतरतो. सदतीस अंशांच्या घर्षणाचा खडक दहा अंशांच्या घर्षणाच्या चिखलावर, उतरत्या फरशीवर ठेवलेला, अशी ही रचना होते. बाजूचा उतार नियमानुसार काटेकोर ठेवूनही ढीग सबंधच पुढे सरकतो तो यामुळे. ललमटियास असेच लाखो घनमीटर द्रव्य एकदम हलले होते.

पावसाचा संबंध उघड असला तरी तो सरळ नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाकाठी अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कावडी खाणीत उतार कोसळून दहा माणसे मेली ती २४ जून २००० रोजी, म्हणजे पावसाच्या तोंडावर. उलट ललमटियाची दुर्घटना डिसेंबर अखेरची. सिंगरौली भागातील जयंत खाणीत ढीग खचून पाच कामगार गेले तेही १७ डिसेंबर २००८ रोजी. मुरलेले पाणी ढिगाच्या पोटात कित्येक महिने हळूहळू तळाकडे जात राहते, आणि आकाश निरभ्र झाले म्हणून त्याचे काम थांबत नाही. हिमवादळ ओसरून लख्ख ऊन पडल्यावर वाटचालीस निघणाऱ्या गिर्यारोहकांची जी फसगत होते, तीच दसऱ्यानंतर खाणीत होण्याचा संभव असतो.

मात्र एका बाबतीत खाणकामगाराची स्थिती बर्फातल्या मनुष्याहून पुष्कळच वाईट आहे. हिमलोटाखाली सापडलेल्यास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी नऊजण वाचू शकतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यामुळे पर्वतात प्रत्येकाने संदेशयंत्र, सळई व फावडे बाळगावे, असा शिरस्ता पडला. माणा येथे तर लोखंडी पेट्यांच्या निवाऱ्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले. लोटातील हिमाचे वजन घनमीटरास तीनशे ते पाचशे किलो भरते, ओबीचे अठराशे ते दोन हजार. छातीवर एक मीटर ओबी म्हणजे चौरस मीटरास जवळजवळ दोन टन. येथे फावड्याचा उपयोग नाही, आणि डम्पर व शॉवेलसारखी यंत्रेही मातीत मिटून जातात. बचावाच्या साधनांवर भिस्त ठेवणे पर्वतात काही अंशी समर्थनीय आहे. ढिगाखाली मात्र पूर्वसूचनेवाचून दुसरा उपाय नाही.

अशी पूर्वसूचना मिळते काय? बहुधा मिळते. माथ्यावर, कडेला समांतर अशी भेग पडते व रुंदावत जाते. पायथ्याची जमीन फुगून वर येते. पाझराचे स्वच्छ पाणी गढूळ होते. हॉल रोडवर काल नसलेली पायरी आज दिसते. ढिगाच्या कडेशी माल ओतणारा डम्परचालक, तो ढकलणारा डोझरचालक, पाळीची पाहणी करणारा माइनिंग सरदार व ओव्हरमन यांना ही चिन्हे मोजमाप करणाऱ्यांच्या आधी दिसतात. जपानी संशोधक फुकुझोनो याने १९८५ मध्ये दाखविले की कोसळण्यापूर्वी उताराचा वेग वाढत जातो, आणि वेगाचा व्यस्तांक कालाच्या अक्षावर मांडल्यास जी रेषा मिळते ती शून्याशी जेथे भिडेल तो कोसळण्याचा अंदाजे क्षण होय. आज रडारयंत्रे मिलिमीटरच्या अंशापर्यंतची हालचाल रात्रंदिवस टिपतात. अमेरिकेतील बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी, सुमारे दीड तासाच्या अंतराने, दोन लोटांत मिळून साडेसहा कोटी घनमीटर खडक खाली आला. हालचाल आधीच टिपली गेली होती, माणसे हलविली होती. एकालाही इजा झाली नाही. यंत्रे मात्र गाडली गेली, कारण लोट अपेक्षेपेक्षा दूर धावला.

हे ‘अपेक्षेपेक्षा दूर’ प्रकरण थोडे तपशिलाने पाहावयास हवे, कारण खाणीच्या आखणीत त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. माथ्यापासून लोटाच्या शेवटच्या टोकापर्यंत काढलेल्या रेषेचा क्षितिजाशी होणारा कोन हे हिमलोटाच्या शास्त्रातील नित्याचे माप होय. खडकांच्या लोटांसाठी हाइम याने ते १९३२ मध्ये मांडले. साठ मीटर उंचीचा, ३३.७ अंशांचा ढीग घेतला तर माथ्यापासून पायथा आडव्या मापाने नव्वद मीटरांवर येतो. तो ओला होऊन वाहू लागला आणि त्याचा धाव-कोन वीस अंश भरला, तर त्याचे टोक १६५ मीटरांवर, म्हणजे पायथ्यापुढे पाऊणशे मीटर जाईल. रस्ता, लोहमार्ग वा इमारत यांपासून ओबी किमान ४५ मीटर दूर असावी असा दंडक आहे. तो सरकणाऱ्या ढिगास पुरेल, वाहणाऱ्या ढिगास पुरेलच असे नाही. वेल्समधील ॲबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी झऱ्यांवर रचलेला कोळसाखाणीचा ढीग असाच वाहिला आणि शाळेवर आला. १४४ मृतांपैकी ११६ मुले होती.

माजरीत या धाव-रेषेच्या आत नेमके कोण असते, याचा विचार केल्यास प्रथम पंप खलाशी डोळ्यांपुढे येतो. खाणीचे पाणी सर्वांत खोल जागी साचते; पंप तेथेच असतो, आणि त्यामुळे पंप खलाशीही तेथेच. मुसळधार पावसात डम्पर घसरू लागले की माती वाहण्याचे काम बंद होते, शॉवेल थांबते, माथा मोकळा होतो. पंप मात्र त्याच वेळी बंद ठेवून चालत नाही. ढीग जेव्हा अधिकात अधिक भिजलेला असतो, त्या घटकेला त्याच्या पायथ्याशी असणारा हा बहुधा एकटा मनुष्य; त्यात रात्रपाळी असल्यास माथ्यावरची भेग पाहावयासही कोणी नसते. कंत्राटी कामगारांची गोष्ट आणखी वेगळी. भेग दिसली तरी काम थांबवा असे सांगण्याचे धैर्य, ज्याचा उद्याचा रोज अनिश्चित आहे त्याने दाखवावे, ही अपेक्षा कागदावर सोपी असते. पर्वतातील सैनिकी ठाण्यांवर हिमलोटाचा इशारा एखाद्या केंद्राकडून येतो, तो ऐकावा की नाही याचा निर्णय खालच्या शिपायावर सोडलेला नसतो. मनालीस १९६९ मध्ये स्थापन झालेल्या हिम व हिमलोट अभ्यास संस्थेने अनेक दशके असे इशारे दिले. २०२० पासून ते काम चंदीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेकडे आहे.

यांत्रिक खुल्या खाणीची व ढिगाची आखणी शास्त्रीय अभ्यासावरून करावी, असे २०१७ च्या विनियमांनी सांगितलेच आहे. त्या अभ्यासात बहुधा ढिगाचा उतार, पायऱ्यांची रुंदी व सुरक्षा-गुणक असतो. धाव-रेषा नकाशावर काढणे त्याहून सोपे काम आहे. त्यास ढिगाची उंची, तळाचा कल आणि तळाच्या मातीची कर्तनचाचणी एवढीच सामग्री लागते, आणि ती चाचणी भूशास्त्राच्या वा स्थापत्याच्या कोणत्याही पदव्युत्तर प्रयोगशाळेत होऊ शकते. काळ्या मातीची चाचणी करताना शेष सामर्थ्य मिळेपर्यंत नमुना सरकवीत राहावा. पहिल्या कमाल आकड्यावर थांबू नये. अशी रेषा काढली गेली, तर पंप तळाशी ठेवूनही त्याची कळ आणि खलाशाची झोपडी त्या रेषेबाहेर, समोरच्या अखंड खडकाच्या बाजूस नेता येते. मधल्या अंतरास काय ती लांब वायर लागेल.