डायोडचा उंबरठा

कोपराखाली हात गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या स्नायूंपर्यंत मूठ मिटण्याची आज्ञा अजूनही पोचत असते. त्वचेवर इलेक्ट्रोड लावले की ती फार तर काही मिलिव्होल्टच्या संकेतरूपाने टिपता येते. विजेवर चालणारा कृत्रिम हात याच संकेतावर हलतो. पण हा संकेत शून्याच्या वर-खाली हेलकावतो. सरासरी काढावी तर हाती शून्यच येते. म्हणून आधी त्याला एका दिशेला वळवावे लागते.

हे काम डायोडचे, असे आपण शाळेत शिकतो. मात्र सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याखेरीज नीट वाट देत नाही. घरच्या २३० व्होल्टना हा उंबरठा जाणवतही नाही. स्नायूचा संकेत हजारपट वाढवला, तरी दुबळ्या स्नायूचा अर्ध्या व्होल्टचा प्रयत्न तिथेच विरतो. ज्याचे ऐकायला हवे, नेमका तोच गप्प केला जातो. मला या सर्किटाचे महत्त्व वाटते ते यासाठी.

यावरचा उपाय ऑप-ॲम्प. आपल्या दोन टोकांवरील दाबांतला फरक तो प्रचंड वाढवतो. १९६८ साली आलेली ७४१ ही चिप साधारण २,००,००० पटींनी. संकेत तिच्या धन टोकाला द्यायचा, बाहेर डायोड जोडायचा आणि ऋण टोकाकडे परतणारी तार डायोडच्या पलीकडून घ्यायची. सारी खुबी या ‘पलीकडून’मध्ये आहे. पलीकडचा दाब संकेताइतका होईपर्यंत ऑप-ॲम्प जोर वाढवत राहतो, डायोडचे ०.६ व्होल्ट तो पदरचे भरतो. संकेताला ओलांडायचा उंबरठा उरतो ०.६ भागिले २,००,०००, म्हणजे हिशेबाने ३ मायक्रोव्होल्ट.

संकेत ऋण झाला की डायोड बंद होतो, परतीची वाट तुटते आणि ऑप-ॲम्प उणे १३ व्होल्टच्या आसपास जाऊन अडकतो. मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट या चालीने परतायला ७४१ला सुमारे २७ मायक्रोसेकंद लागतात. स्नायूच्या काहीशे हर्ट्झच्या संकेताला हे चालते. २०,००० हर्ट्झच्या ध्वनीचे अर्धे आवर्तन मात्र २५ मायक्रोसेकंदांतच संपते. अशा ठिकाणी संकेत ऋण टोकाला देतात आणि दुसरा डायोड घालून परतीची वाट कायम उघडी ठेवतात.

आणखी एक ऑप-ॲम्प बेरजेला घेतला की गाळलेला अर्धा भागही उलटून जमेस येतो. आता सरासरी शून्य येत नाही. ती स्नायूच्या जोराबरोबर वाढते. दुबळ्या स्नायूचा प्रयत्नही मोटारीपर्यंत पोचतो आणि मूठ मिटते.