मानसिक अस्वास्थ्याच्या पूर्वसूचना आणि सामूहिक हिंसेचा प्रतिबंध

एखाद्या व्यक्तीच्या मानसिक अस्वास्थ्याची लक्षणे वेळीच कळविल्यास तिच्या हातून होऊ शकणारी सामूहिक हिंसा टळेल का, हा मानसोपचार, गुन्हेशास्त्र आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांतील वादाचा विषय आहे. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने पुण्यातील २०१२ च्या स्वारगेट बस प्रकरणामुळे चर्चेत आला.

स्वारगेट प्रकरण

२५ जानेवारी २०१२ रोजी सकाळी राज्य परिवहन महामंडळाचा चालक संतोष माने याने स्वारगेट आगारात उभी असलेली एस.टी. बस ताब्यात घेऊन शहरातील गर्दीच्या रस्त्यांवरून बेफाम चालविली. त्यात ९ जणांचा मृत्यू झाला, तीसहून अधिक जखमी झाले. पोलिसांच्या गोळीबारानेही बस थांबली नाही. अखेर एका महाविद्यालयीन तरुणाने बसमध्ये शिरून पोलिसांच्या मदतीने चालकाला आवरले.

खटल्यात बचाव पक्षाने भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चा, म्हणजे मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप न कळल्याचा, आधार घेतला. घटनेपूर्वी आरोपीवर उपचार केल्याची साक्ष सोलापूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने दिली. रात्रपाळी बदलून न मिळाल्याच्या रागातून हे कृत्य घडले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. सत्र न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही म्हणून उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठविले. त्यानंतर पुन्हा फाशी झाली आणि २०१४ मध्ये ती उच्च न्यायालयाने कायम केली. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा जन्मठेपेत बदलली.

पूर्वसूचनेच्या दृष्टीने या प्रकरणातील अडचण अशी की, माहितीचे दोन तुकडे दोन ठिकाणी होते: एक दवाखान्यात, दुसरा आगारात. पाळी बदलून मागणे ही कोणत्याही आगारातील रोजची बाब. मानसोपचार घेणेही धोक्याचे लक्षण नव्हे. मागे वळून पाहताना हे दोन्ही जोडणे सोपे जाते, आदल्या रात्री ते तसे नव्हते.

जर्मनविंग्ज अपघात

हीच अडचण २४ मार्च २०१५ रोजी फ्रान्समधील आल्प्स पर्वतात दिसली. जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान हेतुपुरस्सर डोंगरावर आदळविले. विमानातील सर्व १५० जण मरण पावले. डॉक्टरांनी तो कामास अयोग्य असल्याचे लिहून दिले होते, परंतु त्याने ते कंपनीला कळविले नाही. रुग्णाची गोपनीयता केव्हा मोडावी याचे स्पष्ट नियम असावेत, अशी शिफारस फ्रेंच तपास संस्थेने नंतर केली.

आजार आणि धमकी

बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना सर्वेक्षणाच्या वेळी मानसिक विकार होता, तर सामूहिक हत्या अत्यंत विरळ. समजा, १ लाख कर्मचाऱ्यांत एकच धोकादायक आहे आणि चाचणी ९९ टक्के अचूक आहे; तरी तो एक शोधताना सुमारे १,००० निर्दोष माणसांवर संशय येईल. मानसोपचारात इतकी अचूक चाचणी तर उपलब्धच नाही.

म्हणून अमेरिकेतील संशोधकांनी आजाराऐवजी वर्तनावर भर दिला. तेथील सीक्रेट सर्व्हिसच्या २००२ च्या अभ्यासात शाळांवरील ३७ हल्ले तपासले गेले. सुमारे पाचांपैकी चार प्रकरणांत हल्लेखोराचा विचार किंवा बेत आधीच निदान एका व्यक्तीला ठाऊक होता. असे बोलणे कळविता येते, आणि त्यासाठी रोगनिदानाची गरज नसते. मात्र कळविणे पुरेसे नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २००७ मध्ये ३२ जणांना मारणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापकांनी आधी काळजी व्यक्त केली होती आणि न्यायालयाने त्याला उपचारांचा आदेशही दिला होता. पाठपुरावा झाला नाही.

‘मनोरुग्ण’ हे लेबल हेतू झाकू शकते, हा दुसरा आक्षेप. ३१ जुलै २०२३ रोजी पालघरजवळ जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने वरिष्ठासह चौघांना गोळ्या घातल्याच्या प्रकरणात, बरे वाटत नसल्याने कामातून मोकळे करावे अशी मागणी त्याने केल्याचे सहकाऱ्याच्या तक्रारीत आहे. त्याचबरोबर धार्मिक द्वेषाचाही आरोप आहे.

भारतातील कायदा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असल्याचे वाटल्यास पोलिसांनी त्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. तिला कोठडीत ठेवता येत नाही. कलम २३ रुग्णाच्या माहितीला गोपनीयता देते, परंतु इतरांना हानीपासून वाचविण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा ठेवते. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नवी मुंबईला ठाण्याचे जवळचे. १४४१६ ही ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

नोकरी जाण्याची भीती हे आजार लपविण्याचे मोठे कारण असते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम २० मध्ये आहे. १९९५ च्या कायद्यातही ती होती आणि त्यातील अपंगत्वाच्या व्याख्येत मानसिक आजाराचा समावेश होता. म्हणजेच स्वारगेटच्या घटनेवेळी ती लागू होती.