ताप येतो तेव्हा मज्जेत काय घडतं?

नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले की पुढच्या पंधरवड्यात वसई-विरारच्या दवाखान्यांत तापाची गर्दी होते आणि जो तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट घेऊन बसलेला असतो. पांढऱ्या पेशी पंधरा हजारांवर गेल्या असतील तर कोणीतरी म्हणतंच, ‘जंतू शिरले म्हणून रक्ताने पेशी वाढवल्या.’ रक्त काही वाढवत नाही. या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होतात. निरोगी प्रौढात न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा एकच प्रकार घेतला तरी दिवसाला सुमारे १०० अब्ज. त्या सगळ्यांचं मूळ थोड्याशा मूळपेशींत असतं, आणि या मूळपेशी एरवी बहुतेक निपचित असतात.

त्यांना जागं कोण करतं, याबद्दलचा गैरसमज जाणकारांमध्येही होता. मज्जा म्हणजे कारखाना. आघाडीवरच्या पेशींनी ऑर्डर द्यायची, कारखान्याने माल पाठवायचा, असं मानलं जाई. २००६ मध्ये योशिनोरी नागाई आणि पॉल किंकेड यांच्या गटाने दाखवलं की उंदरांच्या रक्ताच्या मूळपेशींवर जंतू ओळखणारे रिसेप्टर स्वतःचेच असतात. ते टोल-सारखे रिसेप्टर, म्हणजे टीएलआर. जिवाणूच्या कवचाचा अंश लागताच या पेशी विभागू लागल्या आणि मोनोसाइट-मॅक्रोफेज होण्याकडे वळल्या, तेही नेहमी लागणारे वाढीचे घटक न घालता. लिम्फोसाइट व्हायला निघालेल्या काही पूर्वज पेशींनीही वाट बदलली आणि त्या डेन्ड्रिटिक पेशी झाल्या. पेशीने पुढे काय व्हायचं, यात रोगप्रतिकारक रिसेप्टरचा असा थेट हात असतो. तसं पाहिलं तर यात नवल नाही. टोल हे जनुक आधी सापडलं ते फळमाशीच्या गर्भात पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारं म्हणून. संसर्गाशी त्याचं नातं १९९६ मध्ये कळलं.

ऑर्डर बाहेरून येतच नाही, असंही नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी टीएलआर-४ने जंतूची चाहूल घेतात आणि जी-सीएसएफ हा वाढीचा घटक सोडून मज्जेला न्यूट्रोफिल वाढवायला लावतात. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात. आणि ‘ताप म्हणजे पांढऱ्या पेशी वाढणारच’ हेही खरं नाही: डेंग्यूत त्या बहुधा घटतात, कारण सुरुवातीला मज्जेचं कामच मंदावतं.

लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूची, म्हणजे लेप्टोची, गोष्ट आणखी वेगळी. हा जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो. बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं कवच टीएलआर-४ ओळखतो, पण लेप्टोचं कवच माणसाच्या टीएलआर-४ला चुकवतं. ते टीएलआर-२ला सापडतं, असं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या कॅथरीन वेर्त्स यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं. उंदराचा टीएलआर-४ मात्र त्याला ओळखतो. उंदीर जंतू बाळगून खुशाल हिंडतो आणि आजारी माणूस पडतो, यामागचं हे एक कारण समजलं जातं. तेव्हा ‘उंदरांवर सिद्ध झालं’ अशी बातमी वाचताना जरा दमानं घ्यावं. या लेखातले बरेच प्रयोगही उंदरांवरचेच आहेत.

पावसाळ्यात जोरात खपणारा गैरसमज म्हणजे प्रतिकारशक्ती जितकी चेतवाल तितकी चांगली. मूळपेशींच्या बाबतीत उलटच दिसलं. उंदरांना जिवाणूच्या कवचाचा डोस पुन्हा पुन्हा दिला, तेव्हा त्यांच्या मूळपेशींची रक्त नव्याने उभं करण्याची ताकद घटली. २०१७ च्या एका अभ्यासात हे नुकसान थेट त्या पेशींवरच्या टीएलआर-४मधून होतं, असं निघालं. संसर्गात शरीर सोडतं त्या इंटरफेरॉनचंही तेच: थोडा वेळ मिळालं तर झोपलेल्या पेशी उठतात, सतत मिळत राहिलं तर थकतात. ‘बूस्टर’च्या बाटल्यांनी यातलं काही घडतं असं मी म्हणत नाही. पण सतत चेतलेली प्रतिकारशक्ती म्हणजे आरोग्य, हे गृहीतकच चुकीचं आहे.

संसर्ग ओसरला की मज्जा सगळं विसरते, असंही नाही. आपल्याकडे जन्मताच क्षयावरची बीसीजी लस देतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढ स्वयंसेवकांची मज्जा लस देण्याआधी आणि ९० दिवसांनी तपासली. रक्ताच्या पूर्वज पेशींतल्या जनुकांच्या कामाची घडी बदललेली होती. क्षयाचा खरा जंतू मात्र उंदरांत याच पेशींना उलट्या दिशेने बिघडवतो.

उरला मूळपेशींच्या, म्हणजे ‘स्टेम सेल’च्या, जाहिरातींचा मुद्दा. रक्ताची मूळपेशी रक्तच बनवते. गुडघा किंवा मेंदू नाही. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारांत तिचं प्रत्यारोपण ही सिद्ध उपचारपद्धती आहे, आणि त्यासाठी वसईकरांना लांब जावं लागत नाही: बोरिवलीला मुंबई महापालिकेचं केंद्र आहे. प्रत्यारोपणात जुळवायचा असतो एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, रक्तगट नव्हे, कारण दात्याच्या टी-पेशींचे रिसेप्टर एचएलए वाचून आपलं-परकं ठरवतात. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. रक्तगट वेगळा असला तरी चालतं. रुग्णाचा गट पुढे दात्याचा होतो.

ऑटिझम, सांधेदुखी, मधुमेह यांवर ‘स्टेम सेल’ विकणाऱ्यांना मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत चाचणीबाहेर असे उपचार करता येत नाहीत. चाचणी आहे असं कोणी म्हणालं तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियाचा क्रमांक मागावा. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.