लिटल लीग की ट्रॅव्हल बॉल?

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांनो, मुलांना बेसबॉलला घालताय? मग हे फरक आधी समजून घ्या.

मैदान: लिटल लीगच्या 12 वर्षांपर्यंतच्या मेजर्स गटात दोन बेसमधलं अंतर 60 फूट, पिचरपासून होम प्लेट 46 फूट. त्याच वयाच्या ट्रॅव्हल स्पर्धांत सहसा 70 आणि 50 फूट. मोठ्यांच्या मैदानावर 90 फूट आणि 60 फूट 6 इंच.

लीडऑफ: खरी गंमत इथे आहे. मेजर्समध्ये चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत धावपटूचा पाय बेसवरच हवा. ट्रॅव्हलमध्ये तो आधीच दोन-चार पावलं पुढे सरकतो. पिचरला एक डोळा त्याच्यावर ठेवावा लागतो, मध्येच बेसकडे चेंडू फेकावा लागतो. त्यात नियम मोडला की बॉक, आणि धावपटूंना एक बेस फुकट!

संधी: लिटल लीगमध्ये प्रत्येकाला खेळवणं बंधनकारक. ट्रॅव्हलमध्ये निवडचाचणी असते आणि कोणाला किती खेळवायचं हे बहुतेकदा कोच ठरवतो.

हात: लिटल लीगमध्ये 11-12 वर्षांच्या पिचरला दिवसाला 85 चेंडूंची मर्यादा आहे. मूल दोन्हीकडे खेळत असेल तर चेंडूंची बेरीज तुम्हीच ठेवा. वाढत्या वयातला खांदा आणि कोपर कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोलाचे आहेत.