नाताळाचा आठवा दिवस

नाताळाची उपासना आटोपली, दारावरचा कागदी तारा उतरला आणि फराळाचे डबे रिकामे झाले, म्हणजे सर्वांचें लक्ष नव्या वर्षाकडे लागतें. नाताळ हा धर्माचा सण व १ जानेवारी हा केवळ दिनदर्शिकेचा दिवस, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. वस्तुतः २५ डिसेंबर धरून मोजलें असतां १ जानेवारी हा नाताळाचाच आठवा दिवस होय. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, आठव्या दिवशीं बाळाची सुंता झाली व त्याचें नांव येशू असें ठेविलें. परमेश्वर तारण करितो, असा ह्या नांवाचा अर्थ. आपल्याकडील बारशासारखाच हा घरगुती प्रसंग. परंतु सुंता ही देवानें अब्राहामाशीं केलेल्या कराराची खूण होती, हें विसरतां कामा नये. वर्षारंभ आणि करार ह्यांचा संबंध येथें जडतो.

तारखेस मात्र स्वतःचें असें पावित्र्य कांहींच नाहीं. इंग्लंडांत १७५१ सालापर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजीं सुरू होत असे. गब्रिएल दूतानें मरीयेस निरोप सांगितला, त्याचा हा सण. नाताळापूर्वीं बरोबर नऊ महिने. १७५२ पासून तेथें १ जानेवारी हा वर्षारंभ ठरला.

त्यानंतर तीन वर्षांनीं जॉन वेस्ली ह्यांनीं लंडन येथें आपल्या मंडळीपुढें देवाशीं केलेला करार नवा करण्याची गोष्ट काढिली. कित्येक दिवस सकाळीं त्यांनीं तिचा अर्थ समजावून दिला. शुक्रवारीं पुष्कळांनीं उपवास केला. आणि ११ ऑगस्ट १७५५ रोजीं स्पिटलफील्ड्स येथील फ्रेंच देवळांत सर्व जमले. मागील शतकांतील प्युरिटन पाळक रिचर्ड अ‍ॅलीन ह्यांच्या शब्दांत कराराचा मजकूर सांगण्यांत आला, आणि संमति दर्शविण्यासाठीं सुमारें १८०० माणसें उभीं राहिलीं. महिना ऑगस्ट होता, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें! नव्या वर्षाशीं ह्या उपासनेची सांगड मागाहून पडली.

आमच्या विद्यार्थ्यांचे पहाटे उठण्याचे संकल्प संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत क्वचितच टिकतात. त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. संकल्प करणारा एकटाच असतो, आणि मोडल्यास विचारणाराहि तोच. करारास दोन पक्ष लागतात. येथें दुसऱ्या पक्षानें आपला शब्द बेथलेहेमाच्या गव्हाणींतच दिलेला आहे.

तथापि कराराचा मजकूर सोपा नाहीं. देव काम देईल तर तें करावें, बाजूस बसवील तर बसावें. मान मिळो वा जावो, भरलें घर असो वा रितें, दोन्ही त्याच्या हातून घ्यावीं, असा त्याचा आशय आहे. ज्या घरीं गतवर्षीं एक पाट कायमचा रिकामा झाला, त्या घरच्या माणसानें ह्यास होकार कसा द्यावा? मन प्रसन्न होईपर्यंत थांबावें काय? थांबूं नये, असें माझें मत आहे. बाळाचें नांव ज्या अध्यायांत ठेविलें जातें, त्याच अध्यायांत वृद्ध शिमोन मरीयेस तिच्या जिवांतून जाणाऱ्या तरवारीविषयीं सांगतो. दुःखाची वार्ता नाताळाच्या कथेच्या आंतच आहे. तेव्हां शोकाकुल माणसास ह्या करारांत परकें वाटण्याचें कारण नाहीं. शिवाय तेथें कोणी एकटा उभा राहत नाहीं. घरीं एकट्याच्या तोंडून जो होकार निघत नाहीं, तो शेजाऱ्याच्या आवाजाबरोबर कित्येकदां निघतो.

मेथडिस्ट परंपरेंतील पुष्कळ मंडळ्यांत ही उपासना आजहि जानेवारीच्या पहिल्या रविवारीं होते, व तिच्या शेवटीं प्रभुभोजन असतें. पाहावयास येणारांस सहसा मज्जाव नसतो. आमच्या हिंदु व मुसलमान विद्यार्थ्यांनींहि मागच्या बांकावर बसून ती एकदां अवश्य पाहावी.